निवांत पण गूढ: कोड्यांचे व्हिडिओ गेम कसे निवडावेत, कसे खेळावेत

निवांतपणा आणि भीती एकाच छपराखाली नांदतात असा कोड्यांच्या व्हिडिओ गेमचा एक प्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगलाच रुजला आहे. त्यात धावपळ नसते, बंदूक नसते, वेळ संपत आल्याची टिकटिक नसते. एखादी खोली असते, टेबलावर दिवा, भिंतीवर घड्याळ, कुलूप लागलेला खण. खेळणाऱ्याने वस्तू उचलून पाहायच्या, चिठ्ठ्या वाचायच्या आणि एकेक कोडे सोडवत पुढे सरकायचे. हे सगळे शांतपणे चालू असताना खोलीत काहीतरी बिनसले आहे, हे हळूहळू लक्षात येऊ लागते. मघाशी बंद असलेले दार आता किलकिले असते. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे अक्षर शेवटच्या ओळींत थरथरलेले असते. तरीही खेळणाऱ्याला उठून पळावेसे वाटत नाही, उलट आणखी थोडा वेळ तिथेच बसावेसे वाटते.

या प्रकाराची वंशावळ १९९३ साली आलेल्या ‘मिस्ट’पर्यंत नेता येते. रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकी भावांनी आपल्या ‘सायन’ या छोट्या कंपनीत तो तयार केला. खेळणारा एका बेटावर एकटाच उतरतो. तिथे ग्रंथालय आहे, तारांगण आहे, गोदीत बुडालेले जहाज आहे, पण माणूस कुठेच नाही. कोणी मारायला येत नाही आणि वेळेचे बंधनही नाही. ग्रंथालयातल्या लाल आणि निळ्या पुस्तकांत दोन भाऊ अडकलेले आहेत. दोघेही आपल्या पुस्तकाची हरवलेली पाने मागत राहतात आणि कोणावर विश्वास ठेवावा हे काही केल्या ठरत नाही. ‘मिस्ट’च्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत संगणकावरचा सर्वाधिक खपाचा गेम तोच होता. त्याच १९९३ च्या डिसेंबरात बंदुकीचा ‘डूम’ही आला. व्हिडिओ गेममधल्या भीतीच्या दोन वाटा एकाच वर्षी फुटल्या, असे म्हणायला हरकत नाही.

निवांत-गूढ गेम ओळखण्याची खूण सोपी आहे: भीती गोष्टीत असते, नियमांत नसते. कोडे चुकले तर फार तर कुलूप उघडत नाही. मागे जावे लागत नाही, मिळालेले गमवावे लागत नाही. डेन्मार्कच्या ‘प्लेडेड’ या कंपनीचा ‘लिंबो’ (२०१०) हा कोड्यांचाच गेम आहे, काळ्या-करड्या धुक्यातला आणि विलक्षण देखणा. पण त्यातला लहान मुलगा सापळ्यांत आणि कोळ्याच्या पायांखाली पुन्हा पुन्हा मरतो आणि खेळणाऱ्याला ते प्रत्येक मरण पाहावे लागते. गेम म्हणून तो उत्तम आहे, निवांत मात्र मुळीच नाही. वातावरणावरून दोन्ही प्रकार सारखे दिसतात, म्हणून निवड करताना चित्रांपेक्षा नियमांकडे आधी पाहावे.

भीतीची गोडी कशामुळे

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात माणसाच्या एका जुन्या सवयीचा अभ्यास मांडला आहे. तिखटजाळ पदार्थ, रडवणारे चित्रपट, पोटात गोळा आणणारे पाळणे माणसाला आवडतात. शरीर धोक्याचा इशारा देते, पण धोका खरा नाही हे मनाला ठाऊक असते आणि या दोहोंमधल्या फरकातूनच मजा येते, असा त्याचा गाभा आहे. निवांत-गूढ गेम हा फरक शक्य तेवढा मोठा ठेवतात. खेळणाऱ्याच्या जिवाला काही होणार नाही, ही खात्री इतकी पक्की असते की भीतीला सावकाश पसरायला जागा मिळते. पाठीमागे राक्षस लागला की माणूस पळण्यात गुंततो, भिंतीवरच्या चित्राकडे पाहत नाही. इथे त्याला चित्राकडे दहा मिनिटे पाहता येते, आणि चित्र खरोखर भीतिदायक वाटायला तेवढा वेळ लागतोच.

ऊब आणि भय एकमेकांना मारक नसून पूरक आहेत, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. आषाढात बाहेर पाऊस कोसळत असला की घरातल्या कोरड्या पांघरुणाची किंमत कळते, तसेच इथे घडते. खोलीतल्या दिव्याचा पिवळा प्रकाश हवाहवासा वाटतो, कारण खिडकीबाहेरच्या जंगलात काहीतरी आहे.

कोड्याचे कामही यात मोठे आहे. नुसती गूढ गोष्ट वाचणाऱ्याचे हात रिकामे असतात. कोडे सोडवणाऱ्याचे हात आणि डोके गुंतलेले असतात, आणि प्रत्येक सुटलेल्या कोड्याबरोबर त्या विस्कटलेल्या जगाचा एक तुकडा जागेवर बसतो. मराठी वाचकाला ही चव अनोळखी नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत भय बहुधा मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींतच उगवते, रोजच्या वापरातल्या वस्तूंमधून. ज्यांना त्या कथा आवडतात, त्यांना हे गेम आवडण्याची शक्यता खूपच जास्त आहे.

एक दुकान जवळून

ऊब आणि भय यांचा मेळ कसा जमवला जातो हे पाहण्यासाठी ‘स्ट्रेंज हॉर्टिकल्चर’ हा गेम फार चांगला आहे. ‘बॅड व्हायकिंग’ या ब्रिटिश भावांच्या जोडीने तो जानेवारी २०२२ मध्ये आणला. अंडरमिअर नावाच्या काल्पनिक गावात खेळणाऱ्याकडे झाडापाल्याचे एक दुकान आले आहे. गावाचा परिसर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टवरून घेतलेला आहे: डोंगर, तळी, धुके आणि न थांबणारा पाऊस. फळ्यांवर कुंड्या मांडलेल्या आहेत, पण त्यांतली बहुतेक झाडे कोणती आहेत याचा दुकानदारालाच पत्ता नाही. समोर वनस्पतींचे एक जाडजूड पुस्तक, एक भिंग आणि पाण्याची झारी आहे. गल्ल्याजवळची घंटी वाजवली की पुढचे गिऱ्हाईक आत येते. कोणी झाडाचे नाव सांगते, कोणी फक्त आपले दुखणे. मग पुस्तकातले वर्णन वाचायचे, पानांची कड, फुलाचा आकार आणि वास ताडून पाहायचा, योग्य कुंडी गल्ल्यावर ठेवायची आणि ओळख पटली की कुंडीला नावाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर नाव खेळणाऱ्याने स्वतः लिहायचे असते. दुकान आपले वाटू लागते ते बरेचसे या चिठ्ठ्यांमुळे.

गल्ल्यावर एक काळे मांजरही बसलेले असते, नाव हेलेबोर. तिला कुरवाळले की ती गुरगुरते. गोष्ट पुढे सरकण्याशी याचा काही संबंध नाही, तरी दर गिऱ्हाइकानंतर हात आपोआप तिच्याकडे जातो. हेलेबोर हे मुळात एका विषारी झाडाचे नाव आहे. या गेमचा सगळा स्वभाव त्या एका नावात आला आहे. गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून जंगलातल्या खुनांची, एका पंथाची आणि कसल्याशा जुन्या विधीची कुणकुण लागते. कोणते झाड कोणाच्या हाती द्यायचे याचे परिणाम गंभीर होत जातात, पण दुकानाची लय बदलत नाही: घंटी, पुस्तक, भिंग, चिठ्ठी. चुकीची झाडे देत राहिले तर दुकानदाराच्या मनावरचे भयाचे सावट वाढते आणि शेवटी त्याचा तोल जातो. तेव्हा एक छोटे कोडे सोडवून भान परत मिळवावे लागते. शिक्षाही कोड्याच्याच रूपात येते, हे या गेमचे मोठे शहाणपण आहे. २०२५ मध्ये याच निर्मात्यांचा ‘स्ट्रेंज अँटिक्विटीज’ आला. त्यात झाडांऐवजी जुन्या गूढ वस्तू आहेत, गाव तेच.

कोणता गेम कोणासाठी

पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याने ‘द रूम’पासून सुरुवात करावी. इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड येथील ‘फायरप्रूफ गेम्स’ने तो २०१२ मध्ये आयपॅडसाठी काढला आणि नंतर तो फोनवर व संगणकावरही आला. एका अंधाऱ्या खोलीत एक नक्षीदार पेटी आहे, एवढेच. बोटाने तिच्या चाव्या फिरवायच्या, कळ दाबायची, पट्टी सरकवायची. प्रत्येक हालचालीला लाकडाचा आणि पितळेचा इतका नेमका आवाज आहे की हाताखाली खरी पेटी असल्याचा भास होतो. पेटी उघडली की आत दुसरी पेटी असते, आणि ती आधीच्या पेटीपेक्षा विचित्र. खास भिंगातून पाहिले की एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसतात, आणि पेटी बनवणाऱ्याच्या पत्रांतून तो कसल्या विपरीत शक्तीच्या नादी लागला होता ते उमगते. मालिकेतला ‘ओल्ड सिन्स’ (२०१८) सर्वांत पक्का उतरला आहे. माळ्यावरच्या एका बाहुलीघरात शिरून त्याच्या खोल्या एकेक करून सोडवायच्या, अशी त्याची रचना आहे. हे गेम विकतचे आहेत, पण त्यांत मध्येच जाहिराती येत नाहीत. ते लहान फोनऐवजी टॅबवर किंवा संगणकावर खेळणे केव्हाही चांगले, कारण निम्मी कोडी बारीक नक्षीतच लपलेली असतात.

पैसे न मोडता चव घ्यायची असेल तर अॅमस्टरडॅमच्या ‘रस्टी लेक’ या स्टुडिओकडे वळावे. २०१५ पासून त्यांनी ‘क्यूब एस्केप’ मालिकेतले अनेक छोटे गेम काढले आणि ते फोनवर फुकट मिळतात. पहिल्या ‘सीझन्स’मध्ये तीच खोली वेगवेगळ्या ऋतूंत आणि वर्षांत दिसते. तेच घड्याळ, तोच पोपट, पण दर वेळी काहीतरी अधिक बिघडलेले. ‘आर्ल’ या गेमची खोली व्हॅन गॉगच्या शयनगृहाच्या चित्रावरून उभी केलेली आहे. सगळे गेम एकाच मोठ्या कथेचे तुकडे आहेत, त्यामुळे दोन-तीन खेळून झाल्यावर आधीच्या खोल्यांतल्या वस्तूंचे अर्थ उलगडू लागतात आणि मग थांबणे कठीण जाते. मात्र इथली चित्रे जितकी साधी तितकी आतली गोष्ट क्रूर आहे. ‘रस्टी लेक हॉटेल’मध्ये प्राण्यांच्या तोंडाचे पाच पाहुणे उतरतात आणि दर रात्रीच्या जेवणासाठी त्यांच्यातल्याच एकाचा जीव घ्यावा लागतो. रक्त आणि मृत्यू थेट दाखवलेले असतात. हे आधी माहीत असलेले बरे.

भीती अगदी पातळ हवी असेल तर चेक प्रजासत्ताकातल्या ‘अमानिता डिझाइन’चे गेम घ्यावेत. याकुब द्वोर्स्कीने विद्यार्थीदशेतला प्रकल्प म्हणून केलेल्या ‘सामोरोस्ट’पासून (२००३) या स्टुडिओची वाटचाल सुरू झाली. ‘मशिनारियम’ (२००९) हा त्यांचा गंजलेल्या शहरातल्या एका छोट्या यंत्रमानवाचा गेम आहे. त्यात एकही संवाद नाही, सगळे बोलणे डोक्यावरच्या फुग्यांतल्या चित्रांतून होते. इंग्रजी वाचण्याचा कंटाळा असणाऱ्यांना आणि घरातल्या आजी-आजोबांनाही तो खेळता येतो. शहर उदास आहे, भयाण नाही.

तर्काची भूक मोठी असलेल्यांसाठी लुकास पोपचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) आहे. १८०७ साली एक बेपत्ता जहाज किनाऱ्याला लागते. जहाजावरच्या ६० जणांपैकी कोण कसा गेला, याची नोंद ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा निरीक्षकाला करायची आहे. हाती एक खिशातले घड्याळ आहे, आणि ते मृतदेहाजवळ नेले की त्या माणसाच्या मरणाचा क्षण गोठलेल्या चित्रासारखा समोर उभा राहतो. खलाशांत हिंदुस्थानी माणसेही आहेत, आणि कपडे, बोली, झोपायच्या जागा यांवरून त्यांना ओळखावे लागते. तीन जणांची नोंद बरोबर जुळली की तेवढी पक्की होते, म्हणून अंदाजाने ठोकून देणे जमत नाही. हा गेम घाईत खेळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

‘ड्रेज’ (२०२३) हा न्यूझीलंडमधला गेम काठावरचा आहे. दिवसा होडीतून मासेमारी, बाजारात विक्री, होडीच्या चौकटीत वेड्यावाकड्या आकारांचे मासे बसवण्याचे कोडे, आणि रात्री समुद्रावर दिसू नयेत अशा गोष्टी. इथे होडी फुटू शकते, त्यामुळे वर सांगितलेली खूण पुरती लागू होत नाही. पण नंतर त्यात शांत पद्धतीने खेळण्याचा पर्यायही दिला गेला. भित्र्या स्वभावाच्या माणसाने सुरुवातीलाच तो निवडावा.

विकत घेण्यापूर्वी दुकानाच्या पानावर आशयाबद्दलची सूचना वाचावी आणि डेमो असेल तर तो खेळून पाहावा. ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करून पैसे मिळतात. गेम मनाला झेपतो की नाही हे बहुधा पहिल्या तासाभरात कळते, त्यामुळे या सोयीचा उपयोग जरूर करावा.

खेळताना

हेडफोन लावावेत. या गेममध्ये निम्मे वातावरण आवाजात असते आणि काही कोडी तर आवाजाचीच असतात. ‘रस्टी लेक’साठी व्हिक्टर बुत्सेलार आणि ‘मशिनारियम’साठी फ्लोएक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोमाश द्वोर्झाकने दिलेले संगीत बंद करून खेळणे म्हणजे गेमचा अर्धा भाग टाकून देणे होय. खोली पूर्ण काळोखी करण्याची गरज नाही. मंद दिवा चालू ठेवला तर डोळ्यांनाही बरे आणि मनालाही.

वही आणि पेन्सिल जवळ असावी. भिंतीवरची चिन्हे, घड्याळाची वेळ, चित्रातल्या पक्ष्यांची संख्या, जे जे मुद्दाम ठेवल्यासारखे वाटते ते टिपून घ्यावे. स्क्रीनशॉट सोपा असतो, पण हाताने काढलेल्या खुणांत जुळणी लवकर दिसते. एका बैठकीत एखादे प्रकरण किंवा एखादी खोली एवढेच करावे. थांबताना कुठवर आलो आणि कोणती वस्तू अजून वापरली नाही, हे दोन ओळींत लिहून ठेवले तर आठवड्यानंतरही धागा हाती राहतो.

अडणे हा या खेळाचा भागच आहे, पण अडण्याचे कारण ओळखता आले पाहिजे. बहुतेक वेळा एखादी वस्तू नजरेतून सुटलेली असते. अशा वेळी डोके खाजवत बसण्यापेक्षा प्रत्येक खोली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा पाहावी आणि विशेषतः एकदा उघडलेले खण, पडद्यांमागच्या जागा आणि वस्तूंच्या खालच्या बाजू तपासाव्यात. वस्तू हाती आहे पण उपयोग कळत नाही, असे असेल तर तिचा आकार किंवा रंग आधी कुठे दिसला होता ते वहीत शोधावे. आकडे बरोबर असूनही कुलूप उघडत नसेल तर क्रम चुकलेला असतो. तो क्रम बहुधा रंगांवरून, ऋतूंवरून किंवा चित्रे टांगलेल्या ओळीवरून ठरतो. हे सगळे करूनही वाट दिसत नसेल तर तर्कच पकडता आलेला नाही असे समजावे आणि गेम बंद करावा. चहा करताना किंवा दुसऱ्या दिवशी बसमध्ये उत्तर सुचते, हा कोडी सोडवणाऱ्या सर्वांचा अनुभव आहे.

त्यानंतरही सुटले नाही तर हिंट घेण्यात कमीपणा नाही, फक्त ती टप्प्याटप्प्याने घ्यावी. ‘द रूम’मध्ये काही वेळ अडल्यावर पडद्यावर प्रश्नचिन्ह उमटते. पहिली हिंट नुसती दिशा दाखवते, पुढच्या अधिकाधिक स्पष्ट होत जातात. ‘मशिनारियम’मध्ये पूर्ण उत्तरांचे पुस्तक आहे, पण ते उघडण्यासाठी एका किल्लीला कोळ्यांवर नेम धरत पलीकडे न्यावे लागते. तो मधला खेळ मुद्दामच कंटाळवाणा ठेवला आहे, म्हणजे उत्तर बघायची इच्छा झाली तरी माणूस दोनदा विचार करील. यूट्यूबवरचे वॉकथ्रू मात्र शक्यतो टाळावेत. एका कोड्याचे उत्तर शोधताना पुढची तीन कोडी आणि गोष्टीचा शेवटही डोळ्यांसमोरून जातो, आणि गूढ एकदा फुटले की ते पुन्हा जुळवता येत नाही.

मुले आणि जोडीदार

मुलांच्या हाती हे गेम देताना चित्रांच्या गोडव्यावर विसंबू नये. ‘मशिनारियम’ मुलांना खुशाल द्यावा. पण त्याच ‘अमानिता’चा ‘हॅपी गेम’ (२०२१) रंगीत, हसऱ्या चेहऱ्यांचा असूनही एका मुलाच्या अत्यंत भीषण दुःस्वप्नाचा गेम आहे, आणि केवळ स्टुडिओचे नाव पाहून तो घेतला तर घरात रडारड होईल. स्वीडनमधल्या ‘फ्रॅन बो’ (२०१५) या गेमची नायिका लहान मुलगी आहे, पण त्यातला मानसिक आजाराचा आणि हिंसेचा भाग मोठ्यांनाही जड जातो. ‘रस्टी लेक’चा ‘द व्हाइट डोअर’ (२०२०) मनोरुग्णालयात घडतो. मन आधीच खचलेले असताना असे गेम बाजूला ठेवावेत, ते पुढेही मिळतील. ‘द रूम’ दहा-बारा वर्षांच्या मुलांना मोठ्यांनी शेजारी बसून खेळायला द्यायला हरकत नाही. पत्रे वाचून त्यांचा अर्थ सांगण्याचे काम मोठ्यांनी आणि पेटीच्या चाव्या फिरवण्याचे काम मुलांनी केले तर ती संध्याकाळ छान जाते.

दोघांनी मिळून खेळण्यासाठी ‘रस्टी लेक’चा ‘द पास्ट विदिन’ (२०२२) खास बनवलेला आहे. तो एकट्याने खेळताच येत नाही. एक जण भूतकाळात असतो, दुसरा भविष्यात, आणि दोघांच्या पडद्यांवर वेगवेगळे दिसते. एकाच्या खोलीतले चिन्ह दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली असते, म्हणून जे दिसते ते शब्दांत सांगत राहावे लागते. प्रत्येकाकडे गेमची स्वतःची प्रत लागते, पण एकाकडे फोन आणि दुसऱ्याकडे संगणक असला तरी चालते. एक भाऊ पुण्यात आणि बहीण टोरांटोत असली तरी फोनवर बोलत खेळता येतो, फक्त एकमेकांना पडदा दाखवायचा नाही एवढे पथ्य पाळावे. पूर्ण व्हायला साधारण दोन तास लागतात. नंतर दोघांनी जागा बदलून पुन्हा खेळावा. दुसऱ्या फेरीत उत्तरे बदललेली असतात.